ढिगातून माग काढताना

21 मार्च 2024, गुरुवार. हळदीचे दिवस होते. डोंगरकड्याच्या शिवारात या दिवसांत पहाटेपासूनच हळद शिजवण्याची धांदल सुरू असते. सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी जमीन हलली. मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे खडखडले आणि माणसं अंगणात धावली. नेमकं काय झालं हे एकमेकांना विचारेपर्यंत 6 वाजून 19 मिनिटांनी दुसरा धक्का बसला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्रानं पहिल्याची तीव्रता 4.5 आणि दुसऱ्याची 3.6 नोंदवली. केंद्रबिंदू आमच्याच कळमनुरी तालुक्यात होता.

दुपारपर्यंत फोनवर जे साचलं ते साधारण असं होतं. किल्लारीच्या ढिगाऱ्याचा जुना फोटो. तिसरा मोठा धक्का अमुक वाजता येणार, असा कोणाचा तरी आवाजी निरोप. ‘आमच्याकडे पण हलली’ असे दहा-बारा संदेश. आदल्या दिवशीचे हळदीचे भाव. घाबरू नका, पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, हे शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाचं आवाहन. कुठल्याशा परदेशी दुकानातला माल धडाधड कोसळतानाचा व्हिडिओ. धरणाला तडे गेल्याची ओरड. कोणाचं तरी भाकीत. शाळा आहे की नाही, याची विचारणा. मध्येच एक सुप्रभात.

असा ढीग कसा वाचायचा, याची रीत मला रहस्यकथांतून मिळाली. वडिलांच्या लोखंडी पेटीत बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची चळत असायची. अर्नाळकरांनी हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही त्यांची माणसं एके काळी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांत हातोहात फिरत होती. पुढे शेरलॉक होम्स, हर्क्युल प्वारो, ब्योमकेश बक्षी भेटले. या पुस्तकांना लोक वेळ घालवायचं साधन म्हणतात, ते मला पटत नाही. माहिती जास्त झाली की माणसाचं काय होतं, या एकाच प्रश्नाभोवती उभा राहिलेला हा साहित्यप्रकार आहे. रहस्यकथेत वाचकाला माहिती कमी पडत नाही. उलट ती मुद्दाम भरमसाट दिलेली असते. लेखक चाळीस गोष्टी समोर टाकतो, त्यातल्या चारच कामाच्या असतात आणि त्या चारही आपल्या डोळ्यांसमोरून गेलेल्या असतात.

म्हणून शोधायचं कसं हे बघण्याआधी लपवतात कसं, ते बघू.

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे संख्या. जी. के. चेस्टरटनचा फादर ब्राउन 1911 सालच्या एका कथेत विचारतो की शहाणा माणूस पान कुठे लपवेल. अर्थात जंगलात. आणि जंगल नसेल तर? तर तो जंगल उभं करेल. त्या कथेतला सेनापती एक प्रेत लपवण्यासाठी अख्खी लढाई घडवून प्रेतांचा खच पाडतो. अगाथा ख्रिस्तीनं 1936 च्या ‘एबीसी मर्डर्स’मध्ये याच युक्तीवर अख्खी कादंबरी रचली. खुनी वर्णमालेच्या क्रमानं खून करतो आणि सगळं जग त्याच्या वेडाचा अर्थ लावत बसतं. त्याला हवा असलेला खून मात्र एकच असतो, बाकीचे नुसतं जंगल. (ही कादंबरी वाचायची राहिली असेल त्यांची क्षमा मागतो. तरीही वाचा, गंमत कमी होत नाही.)

दुसरी युक्ती जागेची. कामाचा धागा लेखक एखाद्या यादीच्या मधोमध ठेवतो आणि त्याच्या लगेच मागे काहीतरी जोरात आपटतो. किंकाळी येते, काच फुटते, दिवा जातो. वाचकाचं लक्ष आवाजाकडे जातं आणि आधीची ओळ पुसली जाते. तिसरी युक्ती एडगर अॅलन पोनं 1844 च्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’मध्ये वापरली. पोलीस चोरीचं पत्र शोधायला खुर्च्यांच्या दांड्या सूक्ष्मदर्शकानं तपासतात, आणि पत्र समोरच्या कागदांच्या खणात चुरगळलेलं पडलेलं असतं.

फोन मुद्दाम काही लपवत नाही. तरी या तिन्ही गोष्टी तिथे आपोआप होतात. संदेशांचं जंगल उगवतं, कामाची ओळ मधोमध अडकते, तिच्या लगेच मागे दुकान कोसळतं. आपल्याकडे रानात रात्री चकवा लागतो म्हणतात. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच बाभळीखाली येतो. बोटानं पडदा सरकवत राहिलेल्या माणसाचं तेच होतं. दोन तास चालणं झालेलं असतं, मुक्कामाला पोचणं झालेलं नसतं.

आता उलट्या बाजूनं, म्हणजे शोधणाऱ्याच्या बाजूनं बघू.

पहिलं काम पंचनाम्याचं. हा शब्द आपल्याला पोलिसांपेक्षा शेतीमुळे जास्त माहीत आहे. गारपीट झाली की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. गट नंबर, पीक, क्षेत्र, नुकसान किती, एवढंच लिहितात. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदतीचा विचार होतो, पण तो पुढचा टप्पा. बांधावर फक्त जे आहे ते उतरवून घ्यायचं. गारा का पडल्या, सरकार काय देईल, शेजाऱ्याचं नाव यादीत कसं आलं, याला पंचनाम्यात रकाना नसतो. होम्सही हाच आग्रह धरतो की माहिती हातात येण्याआधी तर्क बांधू नये, कारण मग माणूस तर्काच्या मापानं माहिती वाकवायला लागतो.

पंचनाम्यात ‘दिसलं’, ‘ऐकलं’ आणि ‘वाटलं’ हे तीन ढीग वेगळे ठेवावे लागतात. पोच्या 1841 च्या ‘मर्डर्स इन द रू मॉर्ग’मध्ये याचा सुंदर नमुना आहे. बंद खोलीतून आलेला एक कर्कश आवाज पाच देशांचे साक्षीदार ऐकतात. फ्रेंच शिपायाला ती भाषा स्पॅनिश वाटते, डच माणसाला फ्रेंच, इंग्रजाला जर्मन, स्पॅनिश माणसाला इंग्रजी, इटालियनाला रशियन. पोलीस गोंधळतात की यांतलं खरं कोण. पोचा गुप्तहेर द्युपँ मात्र पाचही ‘वाटलं’ बाजूला काढतो आणि सगळ्यांत समान असलेलं ‘ऐकलं’ तेवढं हातात ठेवतो. प्रत्येकाला स्वतःला न येणारी भाषा ऐकू आली आणि एकालाही एक शब्द कळला नाही. मग ती माणसाची भाषा असेलच कशी?

आमच्याकडे हे रोजचं आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात आणि ते ऐकलेल्या दहा जणांना दहा अर्थ लागतात. कोणाला खदानीतला सुरुंग वाटतो, कोणाला विमान, कोणाला ढगांचा गडगडाट. अर्थ बाजूला ठेवले की उरतं ते असं, अमुक वाजून अमुक मिनिटांनी आवाज आला, भांडी हलली किंवा नाही हलली. शास्त्रज्ञाला कामाला येते ती एवढीच नोंद. कॅलेंडरवर पेन्सिलीनं वेळ लिहून ठेवणारी घरातली एखादी बाई त्या दिवशीच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोलाचं काम करत असते.

दुसरं काम प्रश्न ठरवण्याचं, आणि माझ्या मते निम्मी लढाई इथेच असते. 1887 च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे होम्सला ठाऊक नाही, हे कळल्यावर डॉ. वॉटसन थक्क होतो. होम्सचं म्हणणं असं की डोकं हा माळा आहे, त्यात वाटेल ते कोंबलं की कामाची वस्तू सापडत नाही. हा प्रसंग फार लोक सांगतात आणि त्यातून ‘कमी वाचा’ असा अर्थ काढतात. तो अर्थ पुरेसा नाही. त्याच होम्सच्या 1926 च्या ‘द लायन्स मेन’ या कथेत उलट चित्र आहे. तिथे तो स्वतःच्या डोक्याला खच्चून भरलेली अडगळीची खोली म्हणतो आणि कधीतरी वाचलेल्या एका आडवळणाच्या पुस्तकातल्या माहितीवरच कोडं सोडवतो. म्हणजे खरा मुद्दा सामान किती हा नाही. आज मी माळ्यावर कशासाठी चढलो आहे, हे माहीत असणं महत्त्वाचं.

आमच्या भागात अर्धापूर-वारंगा पट्ट्यात केळीच्या बागा आहेत. मे महिन्यात केळीवाल्याच्या फोनवर दिवसभर हवामानाचे नकाशे, वादळाचे व्हिडिओ, देशभरच्या बाजारांचे भाव येत राहतात. तो सगळं बघतो आणि संध्याकाळी त्याला काहीच ठरवता येत नाही. कारण त्यानं प्रश्न ठेवलेला असतो, ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला कितीही माहिती पुरत नाही. तोच प्रश्न ‘तयार झालेले घड उद्या काढू की चार दिवस थांबू?’ असा केला की ढीग एका क्षणात आटतो. हवामान खात्याचा आपल्या जिल्ह्यापुरता वाऱ्याचा इशारा, आजचा आपल्याकडचा भाव, आणि गाडी कधी लागेल हे व्यापाऱ्याकडून. तीन गोष्टी. बाकीचं खरं असेल, रंजकही असेल, पण या प्रश्नाचं नाही. उद्या दुसरा प्रश्न आला तर त्यातलंच काही कामाला येईल. ते कुठे ठेवलंय एवढं आठवलं तरी पुरे.

भूकंपाच्या सकाळी लोकांचा प्रश्न होता, ‘आता काय होणार?’ याचं उत्तर जगात कोणाकडेच नव्हतं, म्हणून ज्यांनी ते देण्याचं धाडस केलं त्यांचेच निरोप सगळ्यात जास्त फिरले. प्रश्न असायला हवा होता, ‘आता मी घरात काय करू?’

तिसरं काम साक्षीदार मोजण्याचं. इथे पोचीच एक कमी वाचली जाणारी कथा आठवते, 1842 मध्ये सुरू झालेली ‘द मिस्टरी ऑफ मारी रोजे’. न्यूयॉर्कमध्ये तंबाखूच्या दुकानात काम करणारी मेरी रॉजर्स नावाची तरुणी 1841 मध्ये मृतावस्थेत सापडली आणि वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. पोनं ती घटना पॅरिसला नेली. द्युपँ घटनास्थळी पाऊलही टाकत नाही. तो खुर्चीत बसून वर्तमानपत्रं वाचतो. प्रत्येक बातमीपाशी थांबून तो विचारतो की हे या पत्राला कळलं कुठून, आणि असं छापण्यात त्याचा काय फायदा. एका पत्राचं तर पोपट म्हणूनच वर्णन येतं, कारण त्यानं इतरांचीच मतं गोळा करून पुन्हा छापलेली असतात. द्युपँच्या हिशेबात त्या पत्राची किंमत शून्य. खऱ्या मेरी रॉजर्सचं काय झालं हे आजवर सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे पोचा निष्कर्ष बरोबर होता असा दावा मी करत नाही. पण माहितीचा पूर आलेला असताना एक माणूस शांतपणे बसून तो गाळतो आहे, हे चित्र त्याच्याआधी क्वचितच कोणी रंगवलं असेल.

वीस गटांतून आलेला एकच निरोप म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार, वीस दारांतून आत आलेला. व्हॉट्सअॅप याची खूणही देतं. 2018 पासून पुढे ढकललेल्या संदेशावर तसं लिहून येतं. पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकलत आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल 2020 पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दुहेरी बाण म्हणजे खोटं असं नाही. पण पाठवणारा तुमचा सख्खा मामा असला तरी सांगणारा मामा नाही, एवढं तो बाण नक्की सांगतो. ‘मामा, हे तुम्ही बघितलं का तुम्हाला आलं?’ एवढं प्रेमानं विचारलं की पुष्कळदा धागा तिथेच तुटतो.

चौथं काम सगळ्यात अवघड. जे आलेलं नाही, ते बघण्याचं. होम्सची 1892 ची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा यासाठीच प्रसिद्ध आहे. रात्री तबेल्यातून घोडा गेला आणि राखणीचा कुत्रा भुंकला नाही. सगळे घडलेल्या गोष्टी मोजत होते, होम्सनं न घडलेली मोजली. कुत्रा गप्प राहिला म्हणजे आलेला माणूस ओळखीचा.

हे काम न झाल्यानं काय होतं, ते महाराष्ट्रानं बघितलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारली. ती भिक्षा मागत फिरणारी भटकी माणसं होती. मुलं पळवणाऱ्यांचे निरोप त्याआधीचे काही आठवडे फोनवर फिरत होते. त्या गर्दीतल्या एकानं जरी होम्ससारखा न वाजलेला आवाज ऐकला असता! मूल पळवलं म्हणता, तर कोणाचं? नाव काय? आई कुठे आहे? कोणत्या ठाण्यात तक्रार आहे? मुलं पळवणारी टोळी फिरते आहे आणि एकही आई रडताना दिसत नाही, ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी खूण होती.

त्याच काळात देशभर एक व्हिडिओ फिरला. मोटारसायकलवरून आलेले दोघं गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी काढलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहा असा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला आणि उरलेला तुकडा सोडून दिला. म्हणून कुठलाही व्हिडिओ बघताना मी आधी त्याचा शेवट बघतो. गोष्ट संपली आहे की तोडली आहे? तारीख, गाव, वाहनाची नंबरप्लेट, दुकानांच्या पाट्यांवरची लिपी यातलं काय दिसत नाही? धरणाला तडा गेला म्हणणाऱ्या निरोपात धरणाच्या अधिकाऱ्याचं निवेदन का नाही? धरणाखालच्या गावांना उठवणारा पोलिसांचा भोंगा का वाजला नाही?

शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी 1932 च्या ‘पथेर कांटा’ या कथेत याच्या जवळचं एक काम करतो. त्याच्या मते वर्तमानपत्रातली खरी बातमी जाहिरातींत असते, आणि एका विचित्र छोट्या जाहिरातीपासूनच त्याचा तपास सुरू होतो. सगळे ज्याच्यावरून नजर उडवतात तिथे तो थांबतो. आपल्याकडे अशा जागा म्हणजे बाजारभावाची बारीक चौकट, सरकारी जाहीर सूचना, संदेशाच्या तळाशी असलेली तारीख. यांना आवाज नसतो, म्हणून त्या मागे पडतात.

आता ती मार्चमधली सकाळ पुन्हा समोर घेऊ.

घडलेलं काय? दोन धक्के, त्यांच्या वेळा, तीव्रता, तालुका. याचा साक्षीदार राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र. ‘आमच्याकडे पण हलली’ हे दहा-बारा संदेश खरे, स्वतः अनुभवलेले, पण त्यांतून नवं काही हाती लागत नाही. किल्लारीचा फोटो खरा, पण तो 30 सप्टेंबर 1993 चा. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या, सुमारे 10,000 माणसं गिळणाऱ्या त्या भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. या मापात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते, म्हणजे 4.5 पेक्षा ती साडेतीनशे पटींच्या घरातली. मराठवाड्यात जमीन हलली की प्रत्येकाला किल्लारी आठवते, आठवायलाच हवी. पण त्या दिवशीच्या अंगणात ती घडत नव्हती. तिसऱ्या धक्क्याची वेळ सांगणारा निरोप तर उघडायचीही गरज नव्हती. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या अजून कोणाकडे नाही. धक्के पुढे बसू शकतात, हे खरं. 10 जुलै 2024 ला सकाळी 7 वाजून 14 मिनिटांनी 4.5 तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला, केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातल्याच रामेश्वर तांड्यापाशी. त्याची वेळ आधी कोणीही सांगितलेली नव्हती. परदेशी दुकान आणि भाकीत बाजूला. हळदीचे भाव दुपारी बघता येतील.

यादीत मधोमध, हळदीच्या भावाच्या मागे आणि कोसळणाऱ्या दुकानाच्या पुढे, मी एक ओळ ठेवली होती. तुम्ही ती वाचली आणि बहुधा पुढे गेलात. मीही त्या दिवशी गेलो होतो. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या.

आमच्याकडे शेतातल्या आखाड्यावर आणि गावातल्या पुष्कळ घरांवर पत्रे असतात. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवतात, चांगले पाच-दहा किलोचे. 4.5 च्या धक्क्यानं भिंत सहसा पडत नाही. दगड मात्र घरंगळतो, पत्रा वाकतो आणि दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. ‘आता मी घरात काय करू?’ या प्रश्नाला त्या ढिगात हे एकच उत्तर होतं. साक्षीदार जबाबदार, काम एका तासाचं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाऊ आणि मी आखाड्यावर गेलो. शिडी लावून तो वर चढला, मी खाली उभा राहून एकेक दगड हातात घेतला. एकूण सतरा निघाले. पत्र्याला हुकाचे बोल्ट मारून घ्यायला आणखी दोन दिवस गेले, तेवढ्यापुरते पत्रे तारेनं आवळून ठेवले. आईनं खालून विचारलं, ‘सगळे काढलेत का रे? कोपऱ्यातला?’ कोपऱ्यातला राहिला होता. तिची खाट त्याच्याच खाली असते.